तुमच्या दहा चीजा तुम्हीच निवडा

शास्त्रीय संगीतात तुम्हाला सर्वांत थोर वाटलेल्या दहा गोष्टी कोणत्या, असं आपल्या दौंडमध्ये कुणालाही विचारून पाहा. बहुतेक जण मागे सरतात. "आम्हाला त्यातलं काय कळतंय," म्हणतात, आणि फारच धरून बसलं तर भीमसेन जोशींचं नाव घेऊन सुटका करून घेतात. भीमसेनांचं नाव घ्यायला काहीच हरकत नाही. पण त्यांचा कोणता राग, कधी ऐकला, त्यातलं काय मनात राहिलं, असं पुढे विचारलं की बोलणं थांबतं. ते थांबू नये म्हणून हे आवाहन करतो आहे. ज्यांनी आयुष्यात एकही राग शिकलेला नाही, ज्यांना आरोह-अवरोह सांगता येत नाही, त्यांनीसुद्धा एक कागद घ्यावा आणि स्वतःची यादी करायला बसावं. यादी दहाचीच असावी, आणि पुरवणीतल्या लेखातून किंवा पुण्याच्या एखाद्या जाणकाराकडून उसनी आणलेली नसावी.

आधी त्या "कळत नाही"चं बघू. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून पुढे आली की यवतला आणि वरवंडला मुक्काम करते. या वाटेवरच्या गावांमध्ये भजनी मंडळं आहेत. पखवाज जरा मागे पडला तर टाळकऱ्यांची मान वर होते. पहाटे काकड्याला लागणारी चाल रात्रीच्या भजनाला कुणी लावत नाही, आणि शेवटी भैरवी झाली की आता उठायचं, हे पोराबाळांनाही माहीत असतं. लय, वेळ आणि रागाचा स्वभाव या तिन्ही गोष्टी इथल्या माणसाच्या अंगात आहेत. त्यांना त्या नावांनी कुणी हाक मारलेली नाही एवढंच. चौफुल्याच्या कलाकेंद्रात बैठकीची लावणी ऐकलेल्या माणसानं पिलू आणि भैरवी ऐकलेली असते, मग त्याला ती नावं ठाऊक असोत वा नसोत. आणि आपलं तर रेल्वेचं गाव. गाडी थांबली की चाकांवर हातोडी मारत जाणारा माणूस नुसत्या आवाजावरून तडा ओळखायचा. हजारो चाकं ऐकून त्याचा कान तयार झालेला असायचा. गाण्याचा कानही ऐकून ऐकूनच तयार होतो, आणि तो तयार होण्याची सुरुवात निवड करण्यापासून होते.

निवड कशी करावी याचा एक मोठा दाखला आपल्या अगदी जवळचा आहे. १९७७ साली अमेरिकेच्या नासा संस्थेनं व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. कधीकाळी, कुठेतरी, कुणाला ती सापडली तर पृथ्वीवर काय होतं हे त्यांना कळावं म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवली. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखाली एका छोट्या गटानं तिच्यावर काय ठेवायचं ते ठरवलं. पंचावन्न भाषांतले नमस्कार त्यात आहेत, मराठीतलाही आहे. संगीतासाठी जागा होती साधारण नव्वद मिनिटांची. साऱ्या जगाचं, सगळ्या काळाचं संगीत नव्वद मिनिटांत! शेवटी सत्तावीस तुकडे निवडले गेले. बाखचे तीन, बेथोव्हनचे दोन, मोझार्टचा एक, जावा बेटावरचं गामेलान, आफ्रिकेतली आणि पेरूमधली लोकगीतं, अमेरिकेतला ब्लूज. रॉक अँड रोल घ्यायचं की नाही यावरून वादही झाला, आणि शेवटी चक बेरीचं एक गाणं गेलं.

या सत्तावीस तुकड्यांमध्ये भारतीय शास्त्रीय संगीताचा एकच आहे. तो केसरबाई केरकरांचा. भैरवी. जेमतेम साडेतीन मिनिटांची.

केसरबाईंचा जन्म १८९२ चा, गोव्यातल्या केरी गावचा. लहानपणी त्यांना काही काळ अब्दुल करीम खाँसाहेबांची तालीम मिळाली, पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले यांच्याकडे त्या शिकल्या, आणि मग जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं. देवळाच्या आश्रयानं गाणाऱ्या समाजातून आलेली ही बाई मैफलीत राणीसारखी बसायची, असं ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. ध्वनिमुद्रणं त्यांनी फार थोडी दिली. भारतीय संगीताचा अभ्यास केलेले रॉबर्ट ब्राऊन यांनी व्हॉयेजरसाठी नेमकी ही भैरवी सुचवली. भारतीय म्हटल्यावर त्या काळी अमेरिकेत सगळ्यांच्या तोंडी सतारीचं नाव होतं; तेच घेऊन मोकळं होणं सोपं होतं. पण सुचवणाऱ्याच्या कानात एक ठरावीक तबकडी होती, तिच्यावरचा एक ठरावीक आवाज होता, आणि तो त्यावर ठाम राहिला. दुसरं यान आधी, २० ऑगस्टला सुटलं आणि पहिलं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई मुंबईत गेल्या. वय पंच्याऐंशी.

ही हकीकत मी इतकी सविस्तर सांगितली, कारण तुमच्या यादीसाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी तिच्यात आहेत. जागा थोडी होती. निवडणारी माणसं साधी, चुकू शकणारी होती. त्यांच्यात वाद झाले. आणि भारताच्या वाट्याला आलेली जागा एखाद्या मोठ्या नावाला मिळाली नाही, एका गाण्याला मिळाली.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की यादीत माणसांची नावं लिहू नका. "किशोरीताई" असं लिहिलंत तर तुम्ही काहीच निवडलेलं नाही. "किशोरी आमोणकर, भूप" असं लिहा. तेही पुरेसं नाही. कोणता भूप ते लिहा, कारण मोठा गवई एकच राग आयुष्यभरात शेकडो वेळा गातो आणि दर वेळी तो तसाच उतरत नाही. एखाद्या दिवशी आवाज लागलेला नसतो, साथ जमत नाही, समोरचे श्रोते थंड असतात. एखाद्या दिवशी मात्र सगळं जुळून येतं. तो दिवस आपल्याला हवा आहे. कलावंत मोठा म्हणून त्याचं सगळंच थोर असा हिशोब करायला लागलो, की आपण ऐकणं सोडून देतो आणि नुसती आरती ओवाळतो.

दुसरं म्हणजे एका वेळी एकच. मोबाइलवर दहा गोष्टी लागोपाठ लावून त्यातली बरी कोणती हे ठरवता येत नाही. विलंबित ख्याल चाळीस-पन्नास मिनिटांचा असतो. त्याची पहिली दहा मिनिटं नवख्या माणसाला जड जातात, हे खरं आहे आणि ते कबूल करायला लाज कसली? गायक षड्ज लावतो, खालच्या स्वरांत फिरतो, एकेक स्वर उघडत जातो. आपण वाट बघतो की गाणं कधी सुरू होणार. तेव्हा एक करा. तबल्याची सम पकडा. ठेक्याचं आवर्तन कुठे संपतं आणि पहिली मात्रा कुठे पडते, एवढंच मांडीवर हात ठेवून मोजत राहा. चार-पाच आवर्तनांत ती जागा तुमच्या हाताला सापडते, आणि मग गायक कितीही लांब भटकून आला तरी समेवर येताना तुमच्याही आधी तुमची मान हलते. भजनात टाळ धरलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

तिसरं वेळेचं. हिंदुस्थानी रागांना दिवसाचे प्रहर वाटून दिलेले आहेत. आपल्या गावात ड्युटीच्या पाळ्या धरून जगणारी घरं पुष्कळ आहेत: रेल्वेत, कुरकुंभच्या कारखान्यांत, राज्य राखीव पोलिसांच्या वसाहतीत. ज्यांची सकाळ चारला होते त्यांनी ललित ऐकावा. पुण्याला जाणारी सकाळची गाडी पकडणाऱ्यांना तोडी आहे, अहिरभैरव आहे. संध्याकाळी उजेड कमी होतो, शेतावरून माणसं परतायला लागतात, तेव्हाचे मारवा, पूरिया आणि श्री. रात्रपाळीवाल्यांसाठी मालकंस आणि दरबारी, बाकी श्रोत्यांना जमत नाही तो खरा प्रहर त्यांच्याच वाट्याला येतो. मी हे नियम म्हणून सांगत नाही. दुपारी मारवा ऐकलात तर कुणी दंड करणार नाही. पण एकदा तरी ज्या वेळचा राग त्याच वेळी ऐकून पाहा, आणि मग ठरवा की या जुन्या लोकांना काही कळत होतं की नव्हतं.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ ला सुरू झाला. गुरू रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२ मध्ये गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ भीमसेनांनी तो उभा केला आणि आयुष्यभर सांभाळला. पूर्वी तो रात्रभर चालायचा. आपल्याकडची माणसं शाल-घोंगडी घेऊन जायची आणि सकाळच्या गाडीनं परत यायची. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आल्यापासून मध्यरात्रीचे आणि पहाटेचे राग तंबूत बसून ऐकायला मिळणं जवळजवळ संपलं. ते राग आता मुख्यतः ध्वनिमुद्रणांतूनच भेटतात. डिसेंबरमध्ये एक दिवस तरी सवाईला जाच, परतीच्या गाडीचा हिशोब बसत नसेल तर कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करा. समोर बसून ऐकलेल्या गाण्याची सर कशालाही नाही. पण घरी, पहाटे, अंधारात लावलेला ललित ही गोष्टही कमी मोलाची नाही.

लोकलमध्ये कानात बोंडं घालून विलंबित ख्याल ऐकण्याचा खटाटोप मात्र करू नका. डब्याचा खडखडाट, फेरीवाले, शेजारच्याचं बोलणं यांत तानपुरा बुडून जातो, आणि तानपुरा ऐकू येत नसेल तर गायक स्वराच्या किती जवळ गेला हे कळायचं कसं? त्या दीड-पावणेदोन तासांसाठी द्रुत चीजा ठेवा, ठुमरी ठेवा, नाट्यसंगीत ठेवा, जुन्या तीन मिनिटांच्या तबकड्या ठेवा. विलंबितासाठी घरातली शांत वेळ आणि बरा स्पीकर लागतो. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर खर्जातलं काहीच नीट येत नाही. आणि यूट्यूबवर ऐकणार असाल तर तिथं लिहिलेलं रागाचं नाव डोळे झाकून खरं मानू नका. चुकीच्या रागाची, क्वचित चुकीच्या गायकाचीही नावं तिथं दिसतात. यादीत लिहिण्याआधी दोन-तीन ठिकाणी पडताळून घ्या.

जुन्या तबकड्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण नवे श्रोते त्यांना घाबरतात. खरखर ऐकू आली की बंद करतात. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजानचं गाणं मुद्रित झालं तेव्हापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षं आपल्या गवयांना एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मिळत होती. तासभर गाणाऱ्या माणसानं तीन मिनिटांत राग मांडायचा! कित्येकांना ते जमलं नाही, आणि काहींनी तबकड्यांना नकारच दिला. पण ज्यांना जमलं त्यांनी जे केलं ते दीर्घ मैफलीतही क्वचित सापडतं. एक आलाप, लगेच बंदिशीचं तोंड, दोन-चार ताना, आणि राग संपूर्ण उभा. पहिल्या वेळी खरखर ऐकू येईल. तिसऱ्या वेळी ती कानाला लागणार नाही. एवढा धीर धरा.

माझ्या यादीतली पहिली जागा अशाच एका तबकडीची आहे: अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी. किराणा घराण्याचे हे खाँसाहेब मिरजेला राहिले आणि तिथलेच झाले. लहानग्या भीमसेननं गदगला ऐकली आणि घर सोडून गुरूच्या शोधात निघाला, ती हीच तबकडी, असं भीमसेन स्वतः सांगत. बिनतिकीट प्रवास, डब्यात गाणं, मिळेल ते खाणं. तुमच्या-माझ्या गावावरून रोज जाणाऱ्या गाड्यांसारख्याच कुठल्या तरी गाड्यांमधून ते पोर हिंडलं. तीन मिनिटांच्या गाण्यानं एका मुलाचं आयुष्य फिरवलं. त्या गाण्यात आहे तरी काय? ताकद दाखवणं नाही, घाई नाही. आवाज बारीक, जरासा अनुनासिक. आणि स्वर इतके नेमके की ऐकताना आपला श्वास मंद होतो. खाँसाहेबांचा शेवटही रेल्वेच्या फलाटावर झाला. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेत बरं वाटेना म्हणून ते सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर उतरले. सांगतात की, त्यांनी तानपुरा जुळवायला लावला, प्रार्थना म्हटली आणि तिथेच प्राण सोडला. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना दफन केलं, आणि दर वर्षी तिथं त्यांच्या नावानं गाणं होतं.

माझ्या यादीतली दुसरी जागा अमीर खाँसाहेबांच्या मारव्याची. १९६० च्या सुमारास निघालेल्या एलपीच्या एका बाजूला हा मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात पंचम नाही. ज्या षड्जावर येऊन कान निवतो त्या षड्जावर येणंही हा राग लांबवत राहतो. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यातच घुटमळतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला सारखं वाटत राहतं की घर दिसतंय पण दार उघडत नाही. हे दार न उघडण्याचं दुःख अमीर खाँ इतक्या संथपणे मांडतात की पहिल्या वेळी मी मधेच उठून गेलो. सहन झालं नाही. पुढे कधी तरी पुन्हा लावलं आणि शेवटपर्यंत बसलो. आजही मी हा मारवा वारंवार लावत नाही. यादीतली प्रत्येक गोष्ट रोज ऐकण्यासारखी असलीच पाहिजे असं नाही, हे मला या मारव्यानं शिकवलं.

किशोरीताईंचा भूप आहेच. भूप म्हणजे पाचच स्वर, सा रे ग प ध. शाळेत प्रार्थना म्हणून शिकवावा इतका सोपा. एक प्रयोग करा. एखाद्या संध्याकाळनंतर भूप ऐका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचाही देसकार ऐका. देसकारातही तेच पाच स्वर आहेत. पण भूप गंधारावर विसावतो आणि देसकार धैवताकडे झेपावतो, आणि एवढ्यानं रात्रीची सकाळ होते. हा फरक ज्याच्या कानाला एकदा जाणवला त्यानं "मला कळत नाही" हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नये. किशोरीताईंनी तो सोपा भूप घेतला आणि त्याच्या आत इतकं खोल नेलं की पाच स्वर कमी आहेत असं वाटतच नाही. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर, अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या. मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेलं. लेकीच्या गाण्यात आईची करडी तालीम ऐकू येत राहिली.

कुमार गंधर्वांचं एक निर्गुणी भजन माझ्या यादीत आहे. काही जाणकार म्हणतील, भजन कसं घेतलंस, ख्याल घे. मी ऐकणार नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेल्या या माणसाला ऐन पंचविशीच्या आत क्षयानं गाठलं. देवासला जाऊन अंथरुणावर वर्षं काढली, गाणं बंद. त्या काळात खिडकीतून माळव्याची लोकगीतं कानावर येत राहिली. बरं झाल्यावर जे गाणं आलं ते आधीच्यासारखं नव्हतं: तुकड्या-तुकड्यांत फेकलेले स्वर, मधली शांतता, आणि एकदम वर गेलेला षड्ज. ज्यांच्या घरात कुणी दीर्घ आजारातून उठलं आहे त्यांनी हे ऐकावं.

मल्लिकार्जुन मन्सूरांचा एखादा अनवट राग, दत्तात्रेय विष्णु पलुसकरांच्या छोट्या तबकड्या, अहमदजान थिरकवांचा एकल तबला, हेही यादीत आहेत. त्यांच्यावर लिहीत बसलो तर पानं पुरणार नाहीत. पलुसकर चौतिसाव्या वर्षी, १९५५ मध्ये गेले एवढंच सांगतो. इतक्या थोड्या आयुष्यात इतकं निर्मळ गाणं. तुम्ही ते ऐकलेलंही असेल: १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटातली देसी रागातली जुगलबंदी त्यांनी आणि अमीर खाँसाहेबांनीच गायली आहे. चित्रपटातून, नाटकातून आलेली वाट कमी दर्जाची समजू नका. 'कट्यार काळजात घुसली' हा २०१५ चा चित्रपट पाहून ज्यांना गोडी लागली त्यांनी एक पाऊल मागे जाऊन १९६७ च्या मूळ नाटकातले वसंतराव देशपांडे ऐकावेत, आणि तिथून आणखी एक पाऊल मागे जाऊन वसंतरावांचा मारूबिहाग. लष्कराच्या हिशोबखात्यात वर्षानुवर्षं नोकरी करून या माणसानं ते गाणं सांभाळलं. हजेरी लावून घरी येणाऱ्या आपल्या लोकांना वसंतराव जवळचे वाटतील असं मला मनापासून वाटतं.

माझी यादी सांगितली ती तुम्ही उचलावी म्हणून नव्हे. तुमच्या यादीत यातलं एकही नाव नसेल तरी मला आनंदच आहे. बिस्मिल्ला खाँची शहनाई लग्नाच्या मंडपात ऐकून कंटाळा आला असेल, तर मंडपाबाहेर एकदा ऐका आणि मग ठरवा. भीमसेनांची संतवाणी ज्यांनी वारीच्या दिवसांत ऐकली आहे त्यांनी त्याच आवाजातला पूर्ण शुद्ध कल्याण किंवा मियाँ की तोडी एकदा सलग ऐकावी. प्रभा अत्रे यांचा कलावती ऐका. एखादी गोष्ट सगळे थोर म्हणतात आणि तुम्हाला भिडत नाही, असंही होईल. तसं झालं तर ती यादीत घालू नका, पण तिला नाकारूही नका. कागदाच्या मागच्या बाजूला तिचं नाव लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा ऐका. कान वाढतो. मागच्या बाजूची नावं पुढच्या बाजूला येतात, पुढची कधीकधी गळतात.

दहाच का? कारण अकरावं आवडलं की दहातलं एक काढावं लागतं, आणि काढायच्या वेळी आपण दोन्ही नीट ऐकतो. यादीला मर्यादा नसेल तर आपण नुसते गोळा करत सुटतो. प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा: कधी ऐकलं आणि काय लागलं. "छान" असं लिहू नका. "तारषड्जावर थांबले तेव्हा अंगावर काटा आला" असं लिहा, किंवा "आजी गेली त्या महिन्यात ऐकलं", किंवा "तान संपून समेवर आले ती जागा". ही ओळ लिहिता येत नसेल तर ते गाणं अजून तुमचं झालेलं नाही, पुन्हा ऐका.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला विसरू नका. ज्यांनी रेडिओवर रात्री उशिरा आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐकला, ज्यांनी गणेशोत्सवात किंवा यात्रेत एखाद्या बुवांचं गाणं ऐकलं, त्यांच्याकडे अशा गोष्टी आहेत की ज्यांचं ध्वनिमुद्रण कुठेच नाही. आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेला एखादा मालकंस तुम्हाला कधीच ऐकता येणार नाही, पण तो त्यांच्या यादीत पहिला असेल. तो लिहून घ्या, त्यांच्या शब्दांत, त्यांचं बोलणं चालू असतानाच. मुलांनाही यादी करू द्या. तिच्यात तबल्याची एखादी उठावदार तिहाई असेल आणि बाकी सगळं दुसरंच असेल, तरी हसू नका.

आणि एक गोष्ट आपण गावात मिळून करू शकतो. महिन्यातून एकदा, रविवारी, कुणाच्या घरच्या गच्चीवर किंवा देवळाच्या सभामंडपात आठ-दहा माणसांनी बसायचं. प्रत्येकानं आपल्या यादीतलं एकच गाणं आणायचं. एका बैठकीत दोघांचीच लावायची, म्हणजे घाई होत नाही. गाणं चालू असताना बोलायचं नाही, मोबाइल खिशात. संपल्यावर आणणाऱ्यानं आपली एक ओळ वाचायची, मग ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं, न पटल्यास तसं सांगायचं. घराण्यांचं भांडण आणू नये. किराणा मोठं की जयपूर, हा वाद शंभर वर्षं चालू आहे आणि त्यातून कुणालाही एक स्वर जास्त ऐकू आलेला नाही. चहा शेवटी. केडगाव, पाटस, यवतहून येणाऱ्यांना परत जायला गाडी मिळेल अशी वेळ ठरवावी. ज्यांची दहा पूर्ण झालेली नाहीत त्यांनी एकच घेऊन यावं. आणि ज्यांचं एकही झालेलं नाही त्यांनी रिकामा कागद आणि पेन घेऊन यावं, त्यांना पुढच्या रांगेत बसवू.